खेळाडूचे मन : सराव आणि उपचार यांतील फरक

शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम सुरू झाला म्हणजे तालुक्याच्या मैदानावर एक दृश्य हटकून पाहावयास मिळते. वर्षभर सरावात चमकलेला एखादा विद्यार्थी ऐन सामन्यात गळून जातो आणि ‘हिंमत धर’, ‘मन घट्ट कर’ असा उपदेश त्याला चहूकडून होऊ लागतो. उपदेश करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो; परंतु त्या मुलाला नेमके काय होत आहे, हे विचारण्याचे राहून जाते. शरीराच्या बाबतीत आपण असे करीत नाही. दम कमी पडला तर सराव वाढवावा आणि हाड मोडले तर सराव थांबवून डॉक्टर गाठावा, हे सर्वांना ठाऊक असते. मनाच्या बाबतीतही हाच भेद आहे. तो ओळखता न आल्यास ज्याला सराव हवा त्याला आपण रुग्ण ठरवतो आणि ज्याला उपचार हवेत त्याला आणखी सरावाला जुंपतो.

दोन वेगळी कार्यक्षेत्रे

खेळाडूच्या मनासाठी आज दोन प्रकारचे साहाय्य उपलब्ध आहे. पहिले क्रीडा-कामगिरीविषयक मार्गदर्शनाचे. या शास्त्राचा इतिहास शतकाहून अधिक जुना आहे. सायकलस्वार एकटा असताना जितका वेग गाठतो, त्याहून अधिक वेग इतरांच्या संगतीत गाठतो, याचा अभ्यास नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९२५ मध्ये कोलमन ग्रिफिथ यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारली. ध्येय ठरवणे, श्वासावर ताबा ठेवणे, सामना मनश्चक्षूंपुढे आणणे, स्वतःशी योग्य शब्दांत बोलणे आणि चूक झाल्यावर पुढच्या क्षणी पुन्हा लक्ष एकाग्र करणे ही कौशल्ये हे मार्गदर्शक शिकवतात. भारतीय क्रिकेट संघाने २०११ चा विश्वचषक मुंबईच्या वानखेडे मैदानावर जिंकला, तेव्हा पॅडी अपटन हे संघाचे मानसिक तयारीचे प्रशिक्षक होते. २०२४ मध्ये बुद्धिबळाचे जगज्जेतेपद मिळवणाऱ्या डी. गुकेश यांच्या तयारीतही त्यांचा सहभाग होता.

दुसरे साहाय्य मानसिक आरोग्याच्या समुपदेशनाचे. येथे प्रश्न पदकाचा नसून माणसाचा असतो. उदासीनता, सततची भीती, झोपेचे किंवा खाण्याचे विकार, व्यसन, शोक, अत्याचाराचा आघात यांतून व्यक्तीला सावरणे हे त्याचे कार्य होय. पहिल्या मार्गदर्शनाचे यश खेळात दिसते. दुसऱ्याचे यश खेळाडू पोटभर जेवतो, शांत झोपतो आणि माणसांत मिसळतो यात दिसते.

गुणफलकाची साक्ष पुरेशी नाही

या दोहोंत निवड करताना सर्वसाधारणपणे आपण गुणफलकाकडे पाहतो. खेळाडू हरला तर त्याच्या मनात काही बिघडले असावे आणि जिंकला तर सर्व ठीक असावे, असे आपण धरून चालतो. हा समज किती फसवा आहे, हे दोन प्रसिद्ध खेळाडूंनी जाहीरपणे सांगितले आहे.

अभिनव बिंद्रा यांनी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफल प्रकारात भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. देश आनंदात असताना स्वतः बिंद्रा यांना मात्र पोकळी आणि नैराश्य यांनी घेरले होते. आपल्या आयुष्यातील मोठा मानसिक पेच पराभवानंतर नव्हे, तर विजयानंतर उभा राहिला, असे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले.

दुसरे उदाहरण अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्सपटू सिमोन बाइल्स यांचे. २०२१ मध्ये झालेल्या टोकिओ ऑलिंपिकच्या सांघिक अंतिम फेरीत, हवेत गिरक्या घेताना आपले शरीर कोठे आहे याचे भान सुटत असल्याचे जाणवताच त्यांनी माघार घेतली. अशा स्थितीत जिद्दीने खेळणे म्हणजे मानेवर पडण्याचा धोका पत्करणे होते. त्यांनी उपचार घेतले, विश्रांती घेतली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके व एक रौप्यपदक मिळवले. त्या काळातही आपण समुपदेशन घेत होतो, हे त्यांनी लपवले नाही. उपचार घेतल्याने खेळाडू संपत नाही, हा यातील बोध आहे.

निवड कशी करावी

उदाहरणादाखल दोन विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावेत. पहिली खो-खो खेळणारी मुलगी. सरावात ती चपळ असते. परंतु जिल्हा पातळीवर शेवटच्या मिनिटात घाईने दिशा बदलते आणि फाउल करते. दोन सामने तिच्यामुळे गेले. ती रडली, मात्र दुसऱ्या दिवशी शाळेत आली, डबा खाल्ला, मैत्रिणींबरोबर हसली. दुसरा तालमीत राहणारा सतरा वर्षांचा कुस्तीगीर. तो कुस्त्या जिंकत आहे, पहाटे सर्वांच्या आधी उठून जोर काढतो, म्हणून वस्ताद त्याच्यावर खूश आहेत. प्रत्यक्षात त्याला रात्री तीननंतर झोपच येत नाही. ताट अर्धे टाकून तो उठतो, घरी फोन करीत नाही आणि ‘माझा कोणाला काय उपयोग’ असे एकदा मित्राजवळ बोलून गेला आहे.

गुणफलकावरून पाहिले तर मुलगीच अडचणीत दिसते. वस्तुतः तिला थोडे कौशल्य-मार्गदर्शन पुरेसे आहे. तातडीच्या मदतीची गरज त्या जिंकणाऱ्या मुलाला आहे.

यास्तव क्रीडाशिक्षकांनी स्वतःस पुढील प्रश्न विचारावेत :

१. त्रास केवळ मैदानावर आहे, की झोप, भूक, अभ्यास आणि घर येथवर पसरला आहे?

२. तो स्पर्धेबरोबर येतो व जातो, की दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकून आहे?

३. खेळाडूला अधिक चांगले खेळावयाचे आहे, की खेळातील व जगण्यातील गोडीच गेली आहे?

प्रत्येक प्रश्नाचे पहिले उत्तर आल्यास कामगिरीविषयक मार्गदर्शन योग्य. एकाही प्रश्नाचे दुसरे उत्तर आल्यास प्रथम मानसिक आरोग्याचा तज्ज्ञ गाठावा. शंका असली तरीही हाच क्रम ठेवावा, कारण तपासणीत काही न निघाल्यास नुकसान होत नाही. उलट आजार झाकून सराव वाढवल्यास मोठे नुकसान होते. मरणाची भाषा निघाल्यास वाट पाहू नये. मुलाला एकटे न ठेवता त्याच दिवशी मदत मिळवावी.

मदत कोठे मिळेल

केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र व विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या द्वारे जिल्हा रुग्णालयात उपचार मिळतात. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

व्यक्तीची पात्रता पाहणेही तितकेच अगत्याचे आहे. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो आणि औषधे देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. ‘मेंटल कोच’ हे बिरुद मात्र कोणीही लावू शकतो. म्हणून त्याचे शिक्षण कोणते, अनुभव कोणत्या खेळातील आणि आजाराची लक्षणे दिसल्यास तो कोणाकडे पाठवतो, हे विचारून घ्यावे. आपली मर्यादा सांगणारा मार्गदर्शक अधिक विश्वासाचा समजावा.

गुप्तता आणि कर्तव्य

संघाबाहेर काढतील या भीतीने पुष्कळ मुले बोलत नाहीत. उपचारांची माहिती गुप्त राहावी, हा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दिलेला हक्क आहे. विद्यार्थी अठरा वर्षांखालील असल्यास पालकांना विश्वासात घ्यावे लागते. परंतु निवड समितीला किंवा गावाला ते कळण्याचे कारण नाही. एक अपवाद मात्र लक्षात ठेवला पाहिजे. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यास पोलिसांना कळवणे हे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकाचे कर्तव्य ठरवले आहे. तेथे गुप्ततेची सबब चालत नाही. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावरही मदत मागता येते.

ग्रामपंचायतीने तालीम बांधावी, शाळेने मैदान राखावे, हे तर हवेच. त्याबरोबर १४४१६ हा क्रमांक तालमीच्या भिंतीवर ठळक रंगवून घेण्यास फारसा खर्च येत नाही. सामना संपल्यावर ‘जिंकलास का?’ या प्रश्नाआधी ‘जेवलास का, झोप लागते का?’ हा प्रश्न विचारण्यास तर काहीच खर्च येत नाही. तालमीतल्या त्या मुलाला हा प्रश्न अद्याप कोणी विचारलेला नाही.