खांद्यातला चुना आणि नाचणीची भाकरी

गेल्या पावसाळ्यात भाताची लावणी आटोपली आणि पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीत आईचा उजवा खांदा धरला. हात वर होईना, रात्री त्या कुशीवर झोपवेना. मालिश झाले, लेप झाले. शेवटी मी तिला एस. टी.ने महाडला नेले. एक्स-रेत खांद्याच्या हाडालगत खडूने टेकवावा तसा पांढरा ठिपका दिसला. ‘कॅल्शियम साचले आहे’ एवढेच आईने ऐकले आणि घरी येताच नाचणीची भाकरी सोडली. शेजारणींनीही मान डोलावली. मी कला शाखेचा विद्यार्थी. पण आईची भाकरी सुटली म्हणून हा विषय समजून घेणे मला भाग पडले.

शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. रक्तातील त्याचे प्रमाण गळ्यातील परावटू ग्रंथी सांभाळतात. त्यामुळे ताटातले कॅल्शियम थेट खांद्यात जाऊन बसते, हा समज खरा नाही. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीला कंडरा म्हणतात. तिच्याच पेशींत बदल होऊन तेथे कॅल्शियम फॉस्फेटचे कण साचतात. हा विकार बहुधा ३० ते ६० या वयात, व स्त्रियांत अधिक आढळतो. नवल असे की, शरीर हा साठा स्वतःच शोषू लागते, तेव्हाच ठणका सर्वांत जास्त असतो!

उपाय साधे आहेत : थोडी विश्रांती, बर्फाचा शेक, डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक औषध आणि ठणका ओसरताच हाताचे व्यायाम, नाहीतर सांधा आखडतो. एवढ्याने न भागल्यास सुईने साठा धुऊन काढतात. शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

मात्र प्रत्येक साठ्याचे कारण एक नसते. चंद्रपूर, यवतमाळकडील काही गावांत पाण्यातील जादा फ्लोराइडमुळे अस्थिबंधांत कॅल्शियम साचून ते ताठरतात. तेथे पाणीच बदलावे लागते. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात फॉस्फेट वाढून रक्तवाहिन्यांतही कॅल्शियम साचते. तेथे पथ्य डॉक्टरांनीच ठरवावे. म्हणून आधी कारण शोधावे, मग पथ्य.

१०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. उतारवयाकडे झुकलेल्या आईच्या हाडांना त्याचीच गरज. डॉक्टरांनीही तेच सांगितले, तेव्हा कुठे तिला पटले. आता तिचा हात फळीवरच्या डब्यापर्यंत पोहोचतो. तो डबा नाचणीच्या पिठाचा आहे.