मिरची, मोगली आणि मिंट

नंदुरबारात राहून जपानी ॲनिमे, कॅमेरा आणि लिनक्स असे तीन नाद एकदम लागले, की लोक आधी काळजीनं बघतात आणि नंतर कामाला लावतात. कुणाच्या साखरपुड्याचे फोटो, कुणाचा रडत चालणारा लॅपटॉप, कुणाच्या पोराला हवं असलेलं ‘ते जपानी कार्टून’. कॅमेरा बिघडला तर सुरत नाहीतर नाशिक गाठावं लागतं. त्यामुळे नवीन घेण्याआधी हातातली वस्तू उघडून, उलटसुलट करून बघायची सवय आपोआप लागते. त्या सवयीतून जमलेलं हे काही. क्रमाला अर्थ नाही.

१. जपान आपल्या घरात आधीच येऊन गेलंय.
‘हे काय परदेशी खूळ’ असं कुणी म्हटलं की मी मोगली काढतो. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारी ती मालिका निप्पॉन ॲनिमेशननं १९८९ मध्ये जपानी टीव्हीसाठी केली होती, भाग ५२. हिंदी शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजचं, म्हणून ती परकी वाटलीच नाही. गंमत पुढे आहे. किपलिंगनं मोगलीचं रान सिवनीच्या डोंगरांत वसवलं, आणि सिवनी सातपुड्याच्याच पठारावर. धडगावकडे चढताना आपण जी रांग ओलांडतो, तिचंच पूर्वेकडचं अंग. म्हणजे जपान्यांनी आपलाच डोंगर काढून आपल्याला दाखवला.
युगो साको या जपानी माणसानं तर आपल्या ॲनिमेटर राम मोहन यांना सोबत घेऊन अख्खं रामायण ॲनिमेशनमध्ये आणलं. १९९३ च्या जानेवारीत ते दिल्लीच्या चित्रपट महोत्सवात दाखवलं गेलं. आपल्याकडच्या थिएटरांत नीट लागायला मात्र २४ जानेवारी २०२५ उजाडलं. बत्तीस वर्षं! एसटीसुद्धा इतका उशीर करत नाही.

२. सबटायटल महत्त्वाची, पण आजीला लागत नाहीत.
मियाझाकींचा ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८) घरात लावला होता. आजी शेंगा फोडत बसली होती. पावसात बसथांब्यावर दोघी बहिणी बापाची वाट बघत उभ्या आहेत आणि शेजारी तो अगडबंब प्राणी येऊन उभा राहतो, तिथं तिनं मान वर केली. “हाई काय शे रे?” म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता शेवटपर्यंत बघत बसली. खेडं, शेत, दवाखान्यात असलेली आई, हरवलेली धाकटी पोर. यात तिला समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं.
भाच्यांसाठी मात्र मी मराठी ओळी टाकून बघतो. एजिसब नावाचं फुकट साधन आहे, सबटायटलची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, आणि एमपीव्ही हा प्लेअर जोडाक्षरं न तोडता दाखवतो. अवघड भाग भाषांतराचा नाही, लांबीचा. पात्र दीड सेकंद बोलतं आणि आपलं मराठी वाक्य दोन ओळी खातं. त्यात जो काटछाट शिकला त्याला कुठलंही लिखाण जड जाणार नाही.

३. लाल रंगावर विश्वास ठेवू नका.
हे फक्त नंदुरबारचा माणूसच इतक्या तावातावानं सांगेल. हिवाळ्याच्या तोंडावर शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडतात. व्यापारी ओली लाल मिरची घेतात, मोकळ्या जमिनीवर पसरून वाळवतात. नजर जाईल तिथवर लाल. फोटोसाठी याहून सोपं काय असेल असं कुणालाही वाटतं. आणि घरी येऊन बघावं तर मिरच्यांच्या जागी लाल प्लास्टिकचा सपाट पट्टा! सुरकुती नाही, देठ नाही, काही नाही.
कारण असं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर जो एकच उजेडाचा आलेख दिसतो, त्यात हिरव्या रंगाला सर्वांत जास्त वजन असतं. उन्हातल्या मिरचीत लाल काठोकाठ भरून ओसंडतो तरी तो आलेख ‘सगळं ठीक’ म्हणत राहतो. म्हणून लाल, हिरवा, निळा असे तिन्ही आलेख वेगवेगळे दाखवायची सोय सुरू करायची आणि लाल उजव्या भिंतीला टेकू लागला की एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली आणायचं. फोटो रॉमध्ये काढायचा. जेपीईजीत गेलेला लाल परत येत नाही, रॉमध्ये बऱ्याचदा शिल्लक असतो. डार्कटेबल या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये सेन्सर खरोखर कुठे भरून वाहिला ते दाखवणारं बटण आहे. आधी ते दाबायचं, मग रंगांशी खेळायचं. दुपारी जाऊ नये. ऊन तिरपं झालं की प्रत्येक मिरचीला स्वतःची सावली मिळते.
आणि पथारीवर लेन्स बदलायची नाही. मिरचीची धूळ सेन्सरवर बसते ती बसतेच, पण त्याआधी ठसका लागून लेन्स हातातून सुटते. तिथं दिवसभर वाकून मिरची निवडणाऱ्या बायांना आपला कॅमेरा कितीचा हे विचारायची हौस नसते. त्यांना विचारून, त्यांच्या हातातलं काम न थांबवता फोटो काढावा.

४. दुसरी लेन्स पन्नासची.
कॅमेऱ्यासोबत १८-५५ येते, ती दिवसा पुरते. तिसरी, चौथी लेन्स घेण्याची खुमखुमी काठीच्या होळीपर्यंत थांबवावी. अक्कलकुवा तालुक्यातली ही राजवाडी होळी पहाटे पेटते. रात्रभर ढोल, घुंगरू, मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळ्यांच्या माळा बांधलेले बावा-बुध्या. सगळं हलतं आणि उजेड नाहीच. इथं एफ/१.८ ची साधी, स्वस्त ५० एमएम कामाला येते. आयएसओ ३२००, शटर १/१२५, व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून उन्हावर. नाहीतर कॅमेरा शहाणपणा करून आगीचा केशरी रंग पुसून टाकतो. फ्लॅश नको. आगीचा रंगही मरतो आणि नाचणाऱ्याच्या डोळ्यांवर आपण बॅटरी मारल्यासारखं होतं. होळी पेटल्यापासून उजाडेपर्यंत आभाळ निळं आणि आग केशरी असा थोडाच वेळ मिळतो, त्यासाठी कार्डात जागा राखून ठेवावी.
सारंगखेड्याच्या घोडेबाजारात याच लेन्सनं काम भागतं. फक्त शटर १/५०० च्या वर, आणि घोड्याच्या मागे उभं राहायचं नाही.

५. लॅपटॉप म्हातारा झालेला नसतो.
१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगली चालणारी कितीतरी यंत्रं एका दिवसात भंगार ठरली. माझ्याकडे असा लॅपटॉप आला की हार्ड डिस्क काढून एसएसडी, आणि लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. इंटरनेट जिथं बरं आहे तिथं मिंटची आयएसओ फाइल एकदाच उतरवायची, शा-२५६ची बेरीज जुळते का पाहायची आणि पेनड्राइव्हनं तळोदा, धडगाव फिरवायची. खोटं मात्र सांगू नये: ४ जीबी रॅमवर डार्कटेबल कण्हत चालतं, फोटोवाल्याला ८ तरी हवेत.
मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक आतच असतो. ‘दऱ्या’तला तो ऱ्य हवा तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश. सातपुड्यावर लिहायचं तर हे पहिल्याच परिच्छेदात लागतं. ‘लिनक्स म्हणजे नक्की काय’ असं फोनवरून मान न उचलता विचारणाऱ्याला मी त्याचाच अँड्रॉइड दाखवतो. आत तोच कर्नल.

६. तिन्ही नाद एका घरचे आहेत, हे उशिरा कळतं.
‘प्रिन्सेस मोनोनोके’पासून स्टुडिओ घिब्लीनं टून्झ नावाचं सॉफ्टवेअर वापरलं. २०१६ मध्ये ते ओपनटून्झ म्हणून सगळ्यांना खुलं झालं, आज आपल्या मिंटवर फुकट चालतं. माकोतो शिनकाईनं ‘व्हॉइसेस ऑफ अ डिस्टंट स्टार’ (२००२) जवळजवळ एकट्यानं घरच्या संगणकावर केला. त्याच्या चित्रांतल्या विजेच्या तारा, सिग्नल, रिकामे फलाट बघून मी नंदुरबार स्टेशनावर गाडी गेल्यानंतर थांबायला लागलो. सुरत-भुसावळ गाडीतून उतरलेली माणसं पांगली की फलाटावर पाण्याचा नळ, बाकडं आणि लांबलेली सावली उरते. पूर्वी मी तेव्हा कॅमेरा पिशवीत टाकत असे.

७. पावसाळ्यात तोरणमाळचं धुकं लेन्समध्ये मुक्कामाला येतं.
हवेतला ओलावा साठ टक्क्यांच्या वर राहिला की काचेवर बुरशी धरते आणि लेप खाते. महागडा ड्राय कॅबिनेट नको. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि ओलावा दाखवणारं छोटं मीटर. काटा चाळीस ते पन्नासमध्ये असावा. तांदळात ठेवू नये, कोंडा आत जातो.

८. फोटोंच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी.
माझी तिसरी प्रत धुळ्याला मामाच्या कपाटात असते. कॉपी चालू असताना वीज गेली तरी आरसिंक या लिनक्सवरच्या कॉपीच्या साधनाला पुन्हा तीच आज्ञा द्यायची. जे पोचलं ते सोडून उरलेलं ते नेतं. याहून जास्त लिहिण्यासारखं यात काही नाही.

९. फोटो कागदावर परत द्यावा.
व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणून सांगणारे पाहुणे काठीला दरवर्षी येतात. डोंगरातल्या पाड्यावर रेंजच नसते, आणि फोन असला तरी तो घरातल्या एकाकडे. मी पुढच्या होळीला आधीच्या वर्षीचे प्रिंट पिशवीत घेऊन गेलो. एका बावानं स्वतःचा फोटो आडवा-उभा धरून बघितला, आयएसओ वगैरे कशाचीच चौकशी केली नाही. फक्त विचारलं, घराच्या कुडाला लावला तर पावसात टिकेल का? तेव्हापासून लॅमिनेशन करून नेतो, मॅट, म्हणजे चिमणीच्या उजेडात चमकत नाही.