हे कोणाच्या नावाने लिहिले?



या वेळचा पाठ मोबाइल हाताशी ठेवून वाचायचा आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण आता कोणाचे ना कोणाचे पेज सांभाळतात. मंडळीचे, तरुण संघाचे, बचत गटाचे, कोणी भावाच्या दुकानाचे. हे काम करताना माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती आधी सांगते. ती झाकून तुम्हांला काही शिकवायला बसणे मला जमणार नाही.

किनवट तालुक्यातल्या एका गावात अकरा बायकांचा गट आहे. गोंड, कोलाम आणि आंध घरांतल्या या बायका मध, डिंक आणि चारोळी गोळा करतात, निवडतात, पाकिटे भरून विकतात. नांदेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीने भोकर, हिमायतनगर करत किनवटला उतरायचे आणि पुढे जीपने जायचे, असे ते गाव. मालाला चांगला भाव देणारे गिऱ्हाईक मात्र नांदेड आणि लातूर शहरांत. म्हणून गटाचे फेसबुक पेज काढले. काढले म्हणजे मी काढले, माझ्या फोनवर, माझ्या खात्यातून. गटात दोघींकडेच स्मार्टफोन होता आणि रेंजसाठी त्यांना शाळेमागच्या टेकाडावर जावे लागे. फोटो मीच टाकायची, भाव मीच लिहायची, लातूरला गंजगोलाईजवळच्या एका दुकानदाराला उत्तरही मीच द्यायची. हळूहळू ते पेज मला माझेच वाटू लागले. चुकीची सुरुवात तिथेच झाली, हे मला फार उशिरा कळले.

२०२४ चा ईस्टर ३१ मार्चला होता. आदल्या रात्री एका गिऱ्हाइकाने पेजवर विचारले, मध तापवलेला आहे की कच्चा? मी उत्तर दिले आणि झोपले. पहाटे लातूरच्या उपासनेसाठी एसटीत बसले. वाटेत पुनरुत्थानाच्या शुभेच्छा लिहिल्या, आमच्या आदिवासी भगिनींमधल्या सेवेसाठी प्रार्थना करा अशी विनंती केली, बायका गोल करून बसल्या आहेत असा एक फोटो जोडला आणि पोस्ट टाकून फोन पर्समध्ये ठेवला. माझ्या समजुतीने ते माझ्या खात्यावर गेले होते. खरे तर ते गटाच्या पेजवर, गटाच्या नावाने गेले होते.

उपासना संपल्यावर फोन पाहिला तर मिस्ड कॉलची रांग. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या पोस्टचा स्क्रीनशॉट फिरत होता. अकरांपैकी दोनच घरे मंडळीत येतात. बाकीच्या नऊ जणी आपापल्या देवांना, पेनांना मानणाऱ्या. त्यांच्या फोटोवर, त्यांच्या नावाने, त्यांनी कधी न उच्चारलेले शब्द लिहिलेले. गावात चौकशी सुरू झाली. गट मधाचा आहे की मिशनचा? तुम्ही सह्या कशावर केल्या? दोघींच्या घरून त्यांना गट सोडायला सांगितले. गटाच्या अध्यक्ष मावशींचा फोन लागला तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “ताई, आम्ही असं कधी म्हणलो?”

मला माझ्या विश्वासाची लाज नाही. तीच पोस्ट माझ्या नावाने गेली असती तर गावात कोणाला त्याचे नवल वाटले नसते. मी कोण, कुठल्या मंडळीची, हे त्या गावाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. (फोटो न विचारता लावला हा दोष तरीही राहिलाच असता. तो वेगळा मोजावा.) शब्द माझे होते आणि तोंड त्यांचे वापरले गेले. ज्या बायकांना जंगलखात्यापासून सावकारापर्यंत सगळे जण त्यांच्या वतीने बोलून दाखवत आले, त्यांच्या वतीने मीही न विचारता बोलले.

आता हे घडते कसे, ते नीट पाहू.

फेसबुकचे पेज आपल्या आपण चालत नाही. त्यामागे कोणा माणसाचे वैयक्तिक खाते असतेच. पूर्वी पेज सांभाळणारा आपल्या खात्यात राहूनच, त्या त्या ठिकाणी कोणाच्या नावाने लिहायचे ते निवडू शकत असे. २०२१ पासून नवी पद्धत सुरू झाली. आता मेनूत जाऊन पेजचे नाव निवडले की आपण पूर्णपणे पेजमध्ये शिरतो. तिथून परत आपल्या नावावर येईपर्यंत प्रत्येक लाइक, प्रत्येक कॉमेंट, प्रत्येक पोस्ट पेजच्या नावाने होते. माझ्या बाबतीत रात्र उलटून सकाळ झाली, तरी फोन पेजमध्येच होता. मी झोपून उठले, तो तिथेच बसून राहिला.

ओळखण्याची खूण एकच आहे, आणि ती डोळ्यांसमोर असते. पोस्ट किंवा कॉमेंट लिहायच्या चौकटीशेजारी एक छोटे गोल चित्र दिसते. त्यात ज्याचा फोटो, तो बोलणार. म्हणून पेजला स्वतःचा फोटो लावू नये, आणि स्वतःच्या खात्याला संस्थेचे बोधचिन्ह लावू नये. आपल्याकडे हे फार चालते. पेजला मधाची पिवळी बाटली आणि खात्याला आपला चेहरा असेल तर घाईतही फरक कळतो. इन्स्टाग्रामवर एकाच फोनवर अनेक खाती असतात, तिथेही पाठवण्याआधी वरचे नाव वाचावे. व्हॉट्सॲपचे बरे आहे. धंद्यासाठीचे व्हॉट्सॲप बिझनेस हे २०१८ पासून वेगळे ॲप आहे आणि दुसऱ्या नंबरावर त्याच फोनमध्ये चालते. गटासाठी वेगळे सिम घ्यायला थोडा खर्च येतो, पण आपल्या घरगुती स्टेटसमध्ये आणि गटाच्या स्टेटसमध्ये भिंत उभी राहते.

चुकीच्या नावाने गेलेली पोस्ट दुरुस्त करता येते का? मजकूर बदलता येतो, नाव नाही. ती काढून टाकून योग्य नावाने पुन्हा लिहावी लागते. आणि ती प्रत्यक्षात कोणी टाकली हे पेज सांभाळणाऱ्यांनाच दिसते. बाहेरच्या माणसाला फक्त पेजचे नाव दिसते. त्यामुळे सगळा गट असे म्हणतो असे गावाने धरले, यात गावाची काही चूक नव्हती.

अशी चूक मोठमोठ्यांकडूनही झाली आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकन रेड क्रॉसच्या ट्विटर खात्यावर अचानक बिअर पिण्याच्या बेताविषयीचा मजकूर आला. तिथली कर्मचारी हूटसूट नावाच्या साधनातून आपले आणि संस्थेचे अशी दोन्ही खाती चालवत होती, आणि तिने चुकीचे खाते निवडले. संस्थेने मजकूर काढला, चूक झाल्याचे हसतखेळत कबूल केले, आणि त्या कर्मचारी बाईने स्वतःच्या खात्यावरून ती स्वतःवर घेतली. ज्या बिअरचे नाव आले होते तिच्या चाहत्यांनी उलट रेड क्रॉसला देणग्या दिल्या. पुढच्याच महिन्यात क्रायस्लर या मोटार कंपनीच्या खात्यावरून डेट्रॉइटच्या वाहनचालकांना शिवी गेली. खाते सांभाळणाऱ्या एजन्सीच्या माणसाची नोकरी गेली आणि एजन्सीचे कंत्राटही गेले. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षीय वादचर्चेच्या रात्री किचनएड या मिक्सर बनवणाऱ्या कंपनीच्या खात्यावर ओबामांच्या दिवंगत आजीविषयी हीन विनोद आला. तोही एका कर्मचाऱ्याने स्वतःचे खाते समजून लिहिलेला होता. कंपनीच्या त्या विभागाच्या प्रमुख बाईंनी स्वतः पुढे येऊन माफी मागितली.

रेड क्रॉसची गोष्ट हसण्यावारी गेली, कारण बिअरने कोणाचा विश्वास मोडला नव्हता. आमची तशी जाणार नव्हती.

मी पोस्ट काढली. मग पेजवर काय लिहायचे यावर अडले. पहिला खर्डा मी केला तो ‘तांत्रिक अडचणीमुळे’ असा. खोडला. तंत्र बिघडलेच नव्हते, मी पाहिले नव्हते. मावशींना फोनवर वाचून दाखवून, त्यांच्या होकाराने पेजवर एवढेच टाकले की ती पोस्ट पेज सांभाळणाऱ्या कार्यकर्तीची वैयक्तिक होती, गटाची नव्हती. माझ्या खात्यावर माझ्या नावाने माफी लिहिली. त्याच आठवड्यात गावी जाऊन समाजमंदिरात सगळ्यांसमोर तेच तोंडाने सांगितले. ऐकताना कोणी फारसे बोलले नाही. गट सोडलेल्या दोघींपैकी एक पावसाळ्यानंतर परत आली. दुसरी अजून आलेली नाही. मी त्या घरी जाते, ती चहा देते, पण गटाचा विषय निघाला की आत निघून जाते.

त्या दिवसांत मी रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय पुन्हा वाचला. त्यात एक माणूस आहे, ज्याच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. पत्र पौलाचे, पण हाताने लिहिले तर्तियाने. सोळा अध्यायांचे एवढे मोठे पत्र त्याच्या लेखणीतून उतरले, तेव्हा त्यालाही काही म्हणावेसे वाटले असेलच. बाविसाव्या वचनात तो वाचकांना सलाम सांगतो, आणि तेवढ्यापुरता आपले नाव घेतो, हे पत्र लिहून देणारा मीच, असे स्पष्ट करतो. बाकी सारे पौलाचे. दुसऱ्याचे पेज सांभाळणाऱ्याने या तर्तियाची ओळख करून घ्यावी. पौलही स्वतः हा भेद पाळतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात लग्नाविषयी लिहिताना प्रभूची आज्ञा कुठली आणि आपले स्वतःचे मत कुठले, हे तो वेगवेगळे करून सांगतो. युवक सभेत हा पाठ घेणार असाल तर हे दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचावेत.

उलट दिशेची चूकही असते, आणि ती अधिक गोड दिसते. गटाचे काम करणारा माणूस आपल्या खात्यावरून गिऱ्हाइकासारखा लिहितो, ‘अप्रतिम मध, जरूर घ्या!’ पेज माझेच आहे हे तो सांगत नाही. मीही असे केले आहे, आणि त्याला मदत म्हटले आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मालाची भलामण करणाऱ्याचा विक्रेत्याशी संबंध असेल तर तो उघड सांगायला हवा. त्याच वर्षी ऑनलाइन अभिप्रायांसाठी आय.एस. १९००० हे भारतीय मानकही आले. आता मी लिहिते तेव्हा पहिल्याच ओळीत ‘मी या गटाबरोबर काम करते’ असे लिहिते. विक्री त्याने कमी झालेली नाही.

काही जण पेज न काढता गटाच्या नावाने माणसाचे खाते उघडतात आणि मैत्रीच्या विनंत्या पाठवत सुटतात. फेसबुकच्या नियमात ते बसत नाही. वैयक्तिक खाते खऱ्या माणसाचेच हवे, आणि ५,००० मित्रांपुढे ते जातही नाही. शिवाय कधीही बंद पडू शकते. पाकिटावरचे नाव, पेजचे नाव आणि पैसे जातात त्या बँक खात्याचे नाव एकच असले की लातूरच्या गिऱ्हाइकाला शंका राहत नाही. पैशाच्या बाबतीत आम्ही हे पहिल्यापासून पाळले होते. बोलण्याच्या बाबतीत नाही.

शेवटी पेजच त्यांच्या हाती दिले. पासवर्ड वाटून नाही, ते कधी करू नये. ज्याने त्याने आपापल्या खात्यातून पेजवर यावे. पूर्ण नियंत्रण दोघींकडे आहे. मावशींची किनवटला बारावी झालेली लेक, आणि गटातली एक सभासद. दोघी अशासाठी की एकीचा फोन हरवला तर पेज पोरके होऊ नये. दोनच अशासाठी की ज्याच्याकडे पूर्ण नियंत्रण, तो इतरांना काढूनही टाकू शकतो. मी काही महिने मर्यादित अधिकारावर राहिले आणि मग बाहेर पडले. आपल्या मंडळ्यांतही हे एकदा पाहून घ्यावे. पाळकांची बदली होते आणि मंडळीचे पेज त्यांच्या फोनबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात जाते, असे मी पाहिले आहे.

चुका थांबल्या असे नाही. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत एका सभासदाच्या नातवाने गटाच्या व्हॉट्सॲप स्टेटसला एका उमेदवाराचा व्हिडिओ लावला. अर्ध्या तासात तो निघाला. या वेळी मला कोणी विचारले नाही, मला दुसऱ्या दिवशी कळले. त्यांनी आपसांत ठरवून टाकले की गटाचा फोन पोरांच्या हाती द्यायचा नाही, आणि देव, पक्ष आणि कोणाचे वाढदिवस गटाच्या नावाने टाकायचे नाहीत. ज्याला टाकायचे त्याने स्वतःच्या फोनवरून खुशाल टाकावे.

गेल्या महिन्यात मी माझ्या खात्यावरून, गोल चित्रात माझाच चेहरा आहे हे पाहून, पेजवर कॉमेंट केली की लातूरच्या भगिनी मंडळासाठी मधाच्या सहा बाटल्या हव्यात. तासाभराने पेजच्या नावाने उत्तर आले. ताई, चारच शिल्लक आहेत, पैसे आधी पाठवा.