नवस बोला, पण गोळी चुकवू नका

‘डॉक्टर, आज संकष्टी आहे. गोळी घेतली तर उपवास मोडेल का?’ लालबागच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न नेहमीचा आहे. विचारणाऱ्याची मला काळजी वाटत नाही. न विचारता गोळी बंद करणाऱ्याची वाटते. विज्ञान पुढे गेले, आता देवधर्म सोडा, असा उपदेश मी कोणालाच करीत नाही. श्रद्धा आणि औषध यांचे भांडण नाही, हे आमच्या लालबाग-परळच्या इतिहासातच दिसते.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था. हे शास्त्रज्ञ धर्माने ज्यू, आणि श्रद्धाळू होते. ज्यू लोकांनी आपले पारंपरिक धर्माचार सोडू नयेत, असे सांगणारा लेख त्यांनी १९१६ साली लिहिला. त्यांची श्रद्धा लशीच्या आड आली नाही.

लालबागच्या राजाचेही तसेच. पेरू चाळीतला बाजार १९३२ साली बंद पडला, तेव्हा उघड्यावर आलेल्या कोळ्यांनी आणि विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला. पण नवस करून ते घरी बसले नाहीत; जागेसाठी खटपट चालूच राहिली. जागा मिळाली आणि १९३४ साली गणपती बसला. नवसाला प्रयत्नांची जोड हवी ती अशी. आजारपणात औषध हाच तो प्रयत्न.

प्रार्थनेने मन शांत होते, झोप लागते, धीर येतो. हा लाभ खरा आहे. मात्र मन शांत झाले म्हणजे रक्तदाब उतरलाच, असे नाही. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही. ‘बरे वाटते’ म्हणून गोळी सोडणाऱ्यास पक्षाघाताचा धोका असतो. औषधाने व्रत मोडत नाही, असे आपले धर्मशास्त्रही मानते. तेव्हा घोटभर पाण्याबरोबर रक्तदाबाची गोळी घ्यावी.

मधुमेहाची गोष्ट थोडी वेगळी. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेऊन पोट रिकामे ठेवले, तर साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये. ताबडतोब रुग्णालयात न्यावे. उलट साबुदाण्याची खिचडी, बटाटा, गोड पदार्थ भरपूर खाल्ले तर साखर वाढते. म्हणून उपवासाच्या आधीच डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. स्वतः बदल करू नये.

दादरहून प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाला मंगळवारी अनवाणी जाण्याची अनेकांची प्रथा आहे. गावोगावी पायी वाऱ्याही निघतात. जुन्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते. खडा रुतला, फोड आला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. अशांनी मंदिराच्या दारापर्यंत मऊ पादत्राणे घालावीत. घरी आल्यावर पाय धुऊन, कोरडे करून तळवे आरशात पाहावेत.

दर्शनाच्या मोठ्या रांगेत उभे राहायचे असेल तर खिशात साखर, गोळ्या आणि आजाराची चिठ्ठी ठेवावी. छातीत दुखले, दम लागला तर रांग सोडावी. देव पुढच्या वर्षीही येणार आहे. त्याच्या दर्शनाला आपणही धडधाकट असायला हवे.