आधी धुऊन घ्या, ताई

माझ्या डाव्या कोपराखाली निळसर काळ्या ठिपक्यांचा एक पट्टा आहे. बघणाऱ्याला ते गोंदण वाटतं. एका अर्थी ते गोंदणच आहे, बोपदेव घाटातल्या खडीने केलेलं. ते टाळता आलं असतं. त्यासाठी लागणारं पाणी एका बाईने हंड्यात माझ्यापुढे आणून ठेवलं होतं आणि मी ते नको म्हणाले.

ऑक्टोबरमधला रविवार होता. सासवडहून पुण्याकडे परतताना मी घाट उतरत होते. पावसाळ्यात वाहून आलेली बारीक खडी वळणाच्या कडेला साचून राहते, हे मला ठाऊक होतं. तरी वळणावर सायकल कलती असताना पुढचा ब्रेक जास्त दाबला गेला. चाक सरकलं आणि मी डाव्या कुशीवर घासटत गेले. कोपर, हाताची मागची बाजू, खुबा आणि गुडघा सोलून निघाले.

पडल्या पडल्या मी उठले आणि आधी सायकलचं चाक फिरवून पाहिलं. हे अगदी चुकीचं होतं. त्या क्षणी अंगात इतकी हुशारी असते की मोडलेलं हाडसुद्धा लगेच कळत नाही. वाहनांपासून बाजूला होऊन चार-पाच मिनिटं बसायचं आणि स्वतःला तपासायचं. मान दुखत असेल किंवा हातापायाला मुंग्या येत असतील, तर मात्र हलायचं नाही आणि कुणाला हलवू द्यायचं नाही. डोकं आपटलं असेल, हेल्मेटला तडा गेला असेल आणि मग उलटी, गुंगी किंवा तोच तोच प्रश्न विचारणं सुरू झालं, तर खरचटलेलं राहू द्यावं आणि १०८ला फोन लावावा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात जी खळगी असते, ती दाबल्यावर दुखली तर एक्स-रे काढायलाच हवा. लहान मुलाच्या पोटात हँडल रुतलं असेल, तर वरून साधा वळ दिसला तरी आत प्लीहेला किंवा यकृताला मार असू शकतो. अशा मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.

तर मी सायकल तपासत असताना रस्त्याकडेला सीताफळं विकणाऱ्या मावशी हंडा घेऊन आल्या. "आधी धुऊन घ्या, ताई. माती गेलीय आत." त्यांनी पहिला तांब्या ओतला आणि मला अशी आग झाली की मी हात मागे ओढला. घरी जाऊन करते म्हणाले. निघण्यापूर्वी बाटलीतलं उरलेलं दोन घोट पाणी कोपरावर टाकलं, तेही साखर-मीठ घातलेलं. त्यावर माशा बसल्या, एवढंच.

घरी पोहोचल्यावर जंतुनाशक कापसाने टिपून घेतलं. मग हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं. फेस आला म्हणजे घाण निघते असा माझा समज होता. वर हळद दाबली आणि जखम मोकळी ठेवली, कारण वारा लागला की खपली लवकर धरते असं आमच्या घरी सगळेच म्हणतात. कापसाचे धागे जखमेत तसेच राहिले. खपली धरलीही, पण खडे आत ठेवून. कोपर वाकवला की ती तडकायची. चौथ्या दिवशी हात ठणकू लागला, लाली कोपराच्या वर सरकली, काखेत गाठ आली आणि रात्री ताप भरला.

डॉक्टरांनी ती खपली सलाईनने भिजवून काढली, बधिर करणारं इंजेक्शन दिलं आणि चिमट्याने एकेक खडा वेचला. काही कण तोवर कातडीत बसले होते. रस्त्यावरची काळी धूळ आणि डांबराचे कण पहिल्या दिवसात निघाले नाहीत, तर वरून नवी कातडी येते आणि ते आत कायमचे कोंडले जातात. जंतुसंसर्ग सात दिवसांच्या गोळ्यांनी गेला. ठिपके राहिले.

म्हणून मी आता धुण्याबद्दल सांगत सुटते. वाहतं, पिण्याजोगं नळाचं पाणी पुरतं. घरी पोहोचल्यावर दुखण्याची गोळी घ्यावी, अर्धा तास थांबावं आणि मग नळाखाली किंवा शॉवरखाली जखम धरून दहा मिनिटं धुवावी. औषधाच्या दुकानात पाचशे मिलिलिटरची सलाईनची बाटली मिळते. बिनसुईच्या मोठ्या सिरिंजने त्या पाण्याची धार मारली की कोपऱ्यातले कण सुटतात. उरलेले कण ओल्या गॉझने हलक्या हाताने पुसून काढायचे, कापूस मुळीच वापरायचा नाही. साबण भोवतालच्या कातडीला लावावा. पेरॉक्साइड आणि कडक जंतुनाशकं जंतूंबरोबर भरून येणाऱ्या कोवळ्या पेशीही मारतात. रक्त वाहत असेल तर धुण्याआधी स्वच्छ कापड दाबून धरायचं, घड्याळ लावून दहा मिनिटं, मध्ये उचलून न बघता. तेवढ्यानेही थांबलं नाही, जखमेत पिवळी चरबी दिसली, कडा उघड्या राहिल्या किंवा खडे निघेनात, तर ते काम दवाखान्यातलं आहे.

वाऱ्यावर सुकवण्याची गोष्ट माझ्या मनातून जायला वेळ लागला. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या मानाने साधारण दुप्पट वेगाने धरते. कोरड्या खपलीखालून नव्या पेशींना वाट काढावी लागते, ओलाव्यात त्या सरळ सरकत जातात. म्हणून धुतलेल्या जखमेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर किंवा पॅराफिन गॉझ, त्यावर साधं गॉझ आणि वरून पट्टी. रोज बदलायची. चिकटली असेल तर सलाईनने भिजवून सोडवायची, ओढायची नाही. पहिले दोन-तीन दिवस पिवळसर लस येते, तिला पू समजून घाबरू नये. दोन दिवसांनंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, लाली पसरली, वास आला, तांबडी रेघ वर चढू लागली किंवा ताप आला, तर मात्र माझ्यासारखी चौथ्या दिवसाची वाट पाहू नये. मधुमेह असलेल्यांनी तर सुरुवातीलाच दाखवावं. घरात पडलेलं खाज-नायट्याचं मलम कुणीही लावू नये. त्यात पुष्कळदा स्टिरॉइड असतं आणि त्याने जखम भरणं लांबतं.

धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल दोन टोकांची माणसं भेटतात. काही दर खरचटण्याला घेतात, तर काही गंजलेलं लोखंड लागलं नाही म्हणून घेतच नाहीत. गंजाचा त्यात दोष नाही. ते जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि घाटरस्त्यावर दोन्ही मुबलक. लहानपणीचे डोस पूर्ण असतील, तर मातीने मळलेल्या जखमेसाठी शेवटच्या डोसाला पाच वर्षं होऊन गेल्यास पुन्हा घ्यावं लागतं, स्वच्छ किरकोळ जखमेसाठी दहा वर्षं. पूर्वीच्या टीटीच्या जागी आता टीडी मिळतं, त्यात घटसर्पाचंही संरक्षण आहे. तारीख लिहून ठेवा. मला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सांगता आली नव्हती.

भरून आल्यावरही नवी गुलाबी कातडी काही महिने उन्हापासून झाकावी, नाहीतर आपल्या रंगाच्या कातडीवर तिथे काळा डाग धरतो. मी बाही ओढून सायकल चालवते.

खोगिराखालच्या पिशवीत आता सलाईनच्या दोन छोट्या बाटल्या, गॉझ, पॅराफिन गॉझचं पाकीट, चिकटपट्टी आणि हातमोजे असतात. गेल्या महिन्यात त्याच घाटात पुढे चाललेला कॉलेजचा एक मुलगा घसरला. त्याला कडेला बसवलं, नाव विचारलं, वार विचारला, मान हलवून पाहायला सांगण्याआधी दुखते का ते विचारलं. मग त्याचा गुडघा धुवायला घेतला. दोन्ही सलाईन संपल्या, सोबतच्यांच्या साध्या पाण्याच्या बाटल्या घेतल्या. तो दात आवळून दर मिनिटाला विचारत होता, "झालं का, काकू?"

"नाही रे बाळा. अजून दोन खडे दिसतायत."