बेस किती लागेल, ते आधी कागदावर

औषध कंपनीच्या क्यूसीत काम करताना एक गोष्ट मला फार खटकायची. बफरच्या कृतीत एवढंच लिहिलेलं असायचं: ‘सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ५.० करा.’ हे कॉस्टिक किती घालायचं, ते नाही. मग जो तो मीटरवर डोळे लावून ड्रॉपर पिळत बसायचा.

एकदा एचपीएलसीवर पीक जागा सोडू लागले. कॉलम बदलला, पंप तपासला, फरक पडेना. ॲसिटेट बफरचा पीएच नेमका ५.०० होता, म्हणून त्याच्यावर कुणाचाच संशय गेला नाही. शेवटी मी बफर करणाऱ्या मुलाला विचारलं, “एक मोलर कॉस्टिक किती लागलं रे?”

“अठ्ठेचाळीस मिली असेल, मॅडम.”

हा आकडा बसत नव्हता. एक लिटर, ०.१ मोलर बफर म्हणजे एकूण ०.१ मोल ॲसिटिक ॲसिड. त्याचा पीकेए ४.७६. हेंडरसन-हॅसलबाल्खच्या समीकरणानुसार पीएच आणि पीकेए यांतला फरक म्हणजे ॲसिटेट आणि उरलेलं ॲसिड यांच्या गुणोत्तराचा लॉग. इथे फरक ०.२४, म्हणून गुणोत्तर १.७४. घातलेला प्रत्येक मोल बेस एक मोल ॲसिड खातो आणि तेवढंच ॲसिटेट तयार करतो. म्हणजे एकूण २.७४ भागांपैकी १.७४ भागांचं ॲसिटेट व्हायला हवं: ०.०६३५ मोल, अर्थात एक मोलर कॉस्टिकचे साडेत्रेसष्ट मिली. पुस्तकातला पीकेए अतिविरल द्रावणाचा असतो. ०.१ मोलरला तो साधारण ०.१ने खाली येतो, त्यामुळे प्रत्यक्षात पाच-सहा मिली जास्तच लागतं. अठ्ठेचाळीसमध्ये भागलं, याचा अर्थ ॲसिडच कमी पडलं होतं. ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड पावणेसहा मिलीच्या आसपास घ्यायचं, ते चार मिली घेतलं गेलं होतं. पीएच बरोबर, पण बफर दोन-तृतीयांश ताकदीचा. मीटर पीएच दाखवतो; बफर किती आहे ते दाखवत नाही. ते सांगणारा एकच पुरावा हाताशी असतो: किती बेस लागला.

नव्या मुलांचा गोंधळ होतो तो दुसऱ्याच जागी. समान ॲसिड आणि ॲसिटेट असलेला, ४.७६ पीएचचा तोच एक लिटर बफर ५.० वर न्यायचा म्हटलं की ती हायड्रोजन आयनांच्या संहतींची सरळ वजाबाकी करतात. उत्तर येतं ०.००७४ मिली. साध्या पाण्याला लावायचा हिशोब इथे चालत नाही. ॲसिडचे ०.०५ मोल राखीव बसलेले असतात, त्यांतले ०.०१३५ मोल बेसने खायला हवेत, म्हणजे साडेतेरा मिली. कॉलेजात हे गणित परीक्षेपुरतं शिकवतात, याचं मला वाईट वाटतं.

आता करायचं काय? हिशोबाच्या नव्वद टक्के बेस एकदम घाला, पुढचं मीटर पाहत थेंबाथेंबाने. अंतिम आकारमानापर्यंत पाणी नंतर घाला. पीएच पुढे गेला तर हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून मागे आणू नका. द्रावणात फुकटचं मीठ वाढतं आणि पीक पुन्हा हलतात. बफर सरळ टाकून द्या. कॉस्टिकच्या गोळ्या हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात, म्हणून वजनावर विसंबू नका. द्रावण पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने प्रमाणित करून घ्या. ट्रिस वापरत असाल तर तापमान पाळाच: २५ अंशांना ८.० केलेला ट्रिस ४ अंशांच्या शीतगृहात जवळपास ८.६ होतो.

हिशोब आणि प्रत्यक्ष यांत पंधरा-वीस टक्क्यांहून जास्त तफावत आली तर ड्रॉपर खाली ठेवा आणि कारण शोधा: ॲसिडचं माप, कॉस्टिकची ताकद, मीटरचं कॅलिब्रेशन. आणि नोंदवहीत पीएचच्या शेजारी, किती मिली बेस लागला तेही न विसरता लिहा.