आजचा विनू लिहून ठेव

नाशिक

चि. अनघास,


"मावशी, विनूदादाला 'ते' सुरू झालं का गं?" असं तू परवा विचारलंस. घाईघाईत उत्तर द्यावं असा तो प्रश्न नव्हता, म्हणून सावकाश लिहायला बसले आहे.

माझी ताई, विनूची आई, गेल्यापासून तो गप्प झालाय, कपड्यांच्या घड्या घालत नाही, आंघोळीला गेला की नुसता उभा राहतो, कार्यशाळेत जायला नको म्हणतो. डॉक्टरांनी तपासलं न तपासलंसं केलं आणि "या मुलांचं असंच असतं" म्हणून घरी पाठवलं. हे वाक्य मी विशेष मुलांच्या शाळेत नोकरी होती तोवर ऐकत आले आणि आजही ऐकलं की संताप येतो. पोट दुखलं तरी डाऊन सिंड्रोम, ऐकू येईनासं झालं तरी डाऊन सिंड्रोम! असं म्हटलं की पुढे शोधायचं कारणच उरत नाही. तू हे वाक्य कुणाकडूनही मान्य करू नकोस.

आता तुझ्या भीतीबद्दल, म्हणजे अल्झायमरबद्दल. ती निराधार नाही, पण तू समजतेस तशीही नाही. विनूच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती आहेत. पॅरिसच्या जेरोम लेजून यांच्या गटाने १९५९ मध्ये डाऊन सिंड्रोमचं हे कारण प्रसिद्ध केलं. अल्झायमरमध्ये मेंदूत जे अमिलॉइड साठतं, ते ज्या प्रथिनापासून तयार होतं त्याचं जनुकही नेमकं याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे ते जन्मापासूनच जास्त बनत राहतं. चाळिशीपर्यंत डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा सापडतात. पण खुणा असणं वेगळं आणि आजार दिसू लागणं वेगळं. लक्षणं साधारण पन्नाशीनंतर सुरू होतात, सरासरी ५३-५४ च्या आसपास. काहींना त्याच्याही बऱ्याच पुढे. आयुष्यभरात अशा नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना डिमेन्शिया होतो, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण विनू ३८ वर्षांचा आहे. या वयात असा बदल दिसला तर आधी दुसरी कारणं शोधायची असतात, आणि त्यातली बरीचशी बरी होणारी असतात.

आपल्या आजीच्या पिढीला ही काळजी नव्हती, कारण ही मुलं तेवढी जगतच नसत. अमेरिकेतसुद्धा १९८३ मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचं आयुष्य सरासरी पंचवीस वर्षांचं होतं. हृदयाच्या शस्त्रक्रिया आल्या, अँटिबायोटिक्स आली, आणि आज तिकडे ते साठीपर्यंत गेलं आहे. मुलं पन्नाशी गाठतात तेव्हा त्यांना आतून-बाहेरून ओळखणारे आईवडीलच गेलेले असतात. तुझ्या घरात हे जरा लवकर घडलं.

म्हणून माझा पहिला प्रश्न विनूबद्दल नसून ताईबद्दल आहे. विनू जे करायचा त्यातलं ताई किती करत होती? रात्री ती त्याचे कपडे खुर्चीवर घालायच्या क्रमाने ठेवायची, आतले वर, शर्ट खाली. आंघोळीच्या वेळी दाराबाहेरून "आता साबण, आता पाठ, आता पाणी" असं म्हणत राहायची. ती स्वयंपाक करताना हे बोलायची, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षातही आलं नसेल. मी पाहिलंय, म्हणून सांगते. तो आवाज थांबला. तेव्हा न्हाणीघरात उभा राहणारा विनू काही विसरलाय की त्याला पुढचं कुणी सांगत नाही, हे आधी पडताळून बघ. चार दिवस ताईसारखीच दाराबाहेरून बोल. शिवाय त्याची आई गेली आहे. त्याला ते तुझ्या-माझ्यासारखं मांडता येत नाही, म्हणून दुःख कमी असतं असं नाही, आणि अशा दुःखाने माणूस खाणं, बोलणं, काम सगळं सोडू शकतो. नैराश्यावर उपचार आहेत.

तपासण्या मात्र या महिन्यातच करून घे. थायरॉईड सगळ्यात आधी. डाऊन सिंड्रोममध्ये ते मंदावणं इतकं सामान्य आहे की दरवर्षी बघायला हवं. बी-१२ बघ. कानाच्या डॉक्टरांकडे ने, कारण या मुलांच्या कानाची नळी अरुंद असते आणि मळ घट्ट बसतो. आमच्या शाळेतून गेलेल्या एका मुलीला घरच्यांनी "डोकं गेलं" म्हणून घरीच बसवलं होतं. कान साफ झाले, थायरॉईडची गोळी सुरू झाली आणि ती परत कामाला येऊ लागली. मोतीबिंदूही त्यांना लवकर होतो. रात्री तो घोरतो का, घोरता घोरता श्वास थांबतो का, ते स्वतः जागून ऐक. झोपेत श्वास अडला की दिवसभर माणूस सुस्त आणि चिडका होतो. आणि एक गोष्ट अजिबात लांबणीवर टाकू नकोस. चालणं बदललं, पाय लटपटू लागले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मानेचे मणके सरकून मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. तसं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

हे सगळं झाल्यावर खरं काम. एक वही कर आणि आजचा विनू तिच्यात लिहून ठेव. डिमेन्शिया ओळखायच्या नेहमीच्या चाचणीत शंभरातून सात वजा करत जायला सांगतात. विनूला ते विसाव्या वर्षीही जमलं नसतं, मग आज जमलं नाही यावरून काय कळणार? त्याची तुलना फक्त त्याच्याशीच होऊ शकते. आणि तो कालपर्यंत कसा होता हे एकट्या ताईच्या डोक्यात होतं. निदान तिशीतच अशी नोंद करून ठेवावी आणि चाळिशीनंतर दरवर्षी पाहावं, असं जाणकार सांगतात. उशीर झालेला नाही.

"आंघोळ करतो" असं लिहू नकोस, ते कुचकामी. "साबण स्वतः लावतो, पाठ राहते, दोनदा आठवण द्यावी लागते" असं लिही. चहा करताना साखर मोजून घालतो का, गॅस बंद करतो का, शर्टाची बटणं किती वेळात लावतो, सही कशी करतो, जिने उतरताना कठडा धरतो का, कुणाकुणाला नावाने हाक मारतो. दर वाढदिवसाच्या आसपास फोनवर त्याचे व्हिडिओ काढ, तीच कामं, त्याच जागी. सोसायटीतल्या काकूंना आणि कार्यशाळेतल्या ताईंना विचारून मागच्या चार-पाच वर्षांचं जमेल तेवढं गोळा कर. अमेरिकेतल्या नॅशनल टास्क ग्रुपचा यासाठी एक फॉर्म आहे, एनटीजी-ईडीएसडी. तो माणसाची परीक्षा घेत नाही, त्याला निदान सहा महिने ओळखणाऱ्याने तो भरायचा असतो. त्यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांपुढे नुसतं "बदललाय हो" म्हणण्यापेक्षा हातात कागद असला की ते ऐकून घेतात. नुसत्या एमआरआयनेही निर्णय लागत नाही.

आणि विसरण्याचीच वाट बघत बसू नकोस. या लोकांत पुष्कळदा आधी स्वभाव बदलतो, स्मरण नंतर. आमच्या कार्यशाळेत एक पन्नाशीच्या बाई होत्या, फुलवाती करायच्या. कापूस पिंजणं, चिमटीत धरून देठ वळणं, बोटं सगळं व्यवस्थित करत होती. पण एक वात झाली की त्या थांबून राहायच्या. "पुढची" म्हटलं की पुढची व्हायची. सगळ्यांची नावं पाठ होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मग त्या दारात अडायला लागल्या. हॉलची फरशी पांढरी, उंबऱ्याशी काळ्या कडप्प्याची पट्टी. तिथे आल्या की पाय पुढे करून चाचपायच्या आणि मागे घ्यायच्या. लोक म्हणाले, हट्ट करतात. त्यांना ती काळी पट्टी खड्ड्यासारखी दिसत होती. आम्ही तिच्यावर फरशीच्याच रंगाचं जाजम टाकलं आणि त्या चालत बाहेर गेल्या. पुढे सकाळी उठल्यावर हाताला झटके येऊ लागले, चहाचा कप उडायचा. चाळिशीनंतर पहिल्यांदाच असे झटके किंवा फिट आली, तर तीही याच आजाराची खूण असू शकते. मेंदूच्या डॉक्टरांनी निदान केलं आणि झटक्यांवर औषध दिलं, त्याने ते बरेच आटोक्यात आले.

तू म्हणशील, आजार थांबवणारं औषधच नाही तर लवकर कळून उपयोग काय? औषध आज नाही, हे खरं. मेमँटिन या औषधाची डाऊन सिंड्रोम असलेल्या चाळिशीपुढच्या लोकांवर चाचणी झाली, २०१२ मध्ये निष्कर्ष आले, फायदा दिसला नाही. अमिलॉइड काढणारी जी नवी इंजेक्शनं गाजताहेत, त्यांच्या मोठ्या चाचण्यांत ही माणसं घेतलीच नव्हती. त्यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांतही अमिलॉइड असतं, त्यामुळे रक्तस्रावाची भीती जास्त. पण त्या फुलवाती करणाऱ्या बाईंना घरी रोज बोलणी बसत होती, ती निदान झाल्या दिवशी थांबली. झटके आवरले. गिळायला त्रास होईल हे आधी कळल्यामुळे घरच्यांनी जेवण मऊ करायला वेळेत सुरुवात केली. मला हे थोडं वाटत नाही.

घरी येणाऱ्यांना मात्र सांगून ठेव, विनूला "ओळख बरं मी कोण?", "आज वार कुठला?" असं कुणी विचारायचं नाही. चुकलं की त्याचा चेहरा पडतो आणि मग तो लोकांपुढे येईनासा होतो. त्याची नोंद तू त्याच्या कामातून घे, प्रश्नांतून नको. आणि कार्यशाळा सोडवू नकोस. पूर्ण दिवस झेपत नसेल तर अर्धा दिवस पाठव.

त्याच्या कायदेशीर पालकत्वाचा अर्जही राहिलाय. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय न्यासाची स्थानिक समिती असते, तिथे तो करायचा. ताईच्या कपाटातली विनूची निळी फाइल शोध, त्यात त्याचे थायरॉईडचे आणि हृदयाचे जुने रिपोर्ट आहेत. नवे आले की थायरॉईडच्या टीएसएचचा आकडा मला कळव, मग कोणत्या डॉक्टरांकडे आधी जायचं ते ठरवू. पुढच्या आठवड्यात मी येतेच आहे. तोवर वहीची दोन पानं तरी भरून ठेव.

विनूला माझा पापा.

तुझी,
सुमनमावशी